टंकबाईंची उरलेल्याची वही

टंकबाईंनी माझी पहिली कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली, ती जवळजवळ आदळलीच. सोबत टाइप केलेली नऊ पानं होती.

"ही मुलाखत तुम्हीच घेतलीत ना?"

"हो."

"मग त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला बोलू का देत नाही? प्रश्न विचारता आणि उत्तर यायच्या आत दुसरा प्रश्न पुढे! विचारल्यावर मनात तीन आकडे मोजत जा. तिनात उत्तर नाही आलं तर पाच मोजा."

मी तेव्हा पंचविशीची होते. पहिल्या वर्गातली पदवी ताजी होती आणि संस्थेत संशोधन सहायक म्हणून लागून जेमतेम दीड महिना झाला होता. एका टायपिस्ट बाईने मला मुलाखत कशी घ्यायची ते शिकवावं, याचा मला भयंकर राग आला. घरी जाऊन आईजवळ धुसफुसले. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबरच बोलली ती. माझं तरी कधी पुरतं ऐकलंयस?" त्यानंतर मी तो विषय घरी काढला नाही. पण पुढच्या मुलाखतीत तीन आकडे मोजले. दोनावरच ते गृहस्थ बोलायला लागले आणि वीस मिनिटं थांबले नाहीत.

टंकबाई हे त्यांचं नाव नव्हे. टंकलेखन करतात म्हणून कुणीतरी ते गमतीने पाडलं आणि मग पगाराचं पत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चालू झालं. बाई पन्नाशीला टेकलेल्या, बुटक्या, चालताना जरा डावीकडे कलणाऱ्या. बोलणं तुटक. आपलं खोडरबर कुणाला देत नसत आणि कुणी शुद्धलेखनाची चूक केली, तर ती दिवसभर त्याच्या तोंडावर मारत. एकदा खुद्द संचालकांच्या पत्रातली वेलांटी दुरुस्त करून वर समासात 'दुसऱ्यांदा' असं लिहिलं होतं.

आमची संस्था समाजाचा, माणसांच्या रीतिभातींचा अभ्यास करणारी. गोरे साहेब देश सोडून गेल्याला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. इमारत मात्र त्यांचीच. पूर्वी तिथे मीठ खात्याची कचेरी होती. वरच्या मजल्यावर आम्ही शिकलेली मंडळी. टंकबाईंची खोली जिन्याखाली. कुणी धाडधाड उतरलं की त्यांच्या टेबलावरची पेन्सिल घरंगळून खाली पडे. त्या खोलीत एक यंत्र होतं. त्याला पायाने दाबायची पट्टी. पुढे दाबली की कॅसेट चाले, टाचेने दाबली की दोन सेकंद मागे जाई. कानावर हेडफोन, हाताखाली टाइपरायटर, पायाखाली पट्टी, असा त्यांचा दिवस जाई. तासाभराच्या कॅसेटला दुसऱ्या टायपिस्टला चार तास लागत, टंकबाईंना सहा. त्यावरून त्यांना दर महिन्याला बोलणी बसत.

सहा तास का लागत, ते मला फार उशिरा कळलं. भिंतीवर एक नियमपत्रक चिकटवलेलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की खोकला, हसू, पुनरुक्ती, मध्येच बोलणाऱ्या तिसऱ्याच माणसाचं बोलणं आणि पाठीमागचे आवाज गाळावेत. बाई नियमाच्या पक्क्या. गाळायचे म्हणजे गाळायचेच. पण गाळलेलं त्या फेकत नसत. एका लांबट वहीत ते सगळं पेन्सिलीने उतरवून ठेवत. कॅसेटचा क्रमांक, मिनिट आणि पुढे 'हसली, पण बळेच', 'सून काहीतरी पुटपुटली, बहुतेक नको म्हणाली', 'इथे बराच वेळ गप्प'. वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: उरलेलं.

"हे कशाला लिहिता?" मी एकदा विचारलं.

"टाकवत नाही हो," त्या म्हणाल्या. "माणसं बोललीत ना."

ही सवय त्यांना सासूबाईंनी लावली होती. घर दोन खोल्यांचं. नवरा बसच्या वर्कशॉपात फिटर, एक मुलगी, आणि सासूबाई. सासूबाईंचे कान साठीच्या आतच गेले. पण नजर अशी तीक्ष्ण, की समोरच्याचे ओठ किती वेळ हलले ते त्यांना बरोबर कळे. शेजारीण येऊन पाच मिनिटं बोलून गेली आणि टंकबाईंनी ओरडून सांगितलं, "त्यांचा भाऊ आलाय म्हणे," की सासूबाई भुवया उंचावत. "भाऊ आलाय, एवढंच? पाच मिनिटं? मला वेडी समजतेस काय गं सूनबाई? बाकीचं सांग." मग बाकीचं सांगावं लागे. भाऊ किती दिवसांसाठी आला, कशावरून कुरबूर झाली, शेजारीण बोलताना दाराकडे का बघत होती, सगळं. बावीस वर्षं टंकबाईंनी दुनिया अशी पुरतीच्या पुरती सासूबाईंना पोचवली. त्या म्हणायच्या, "टाइपिंग मी क्लासात शिकले. ऐकायला माझ्या बहिऱ्या सासूने शिकवलं."

मी लागले त्या वर्षी संस्थेत मिठागरांचा मोठा अभ्यास चालला होता. मिठागरातली वस्ती शहरापासून बसने दोन तासांवर. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवणारी माणसं. बायका वाफ्यांतून मीठ ओढून टोपल्यांत भरणार आणि अरुंद बांधांवरून एकीमागे एक चालत राशीपर्यंत नेणार. आमचे मोठे सर, म्हणजे संचालक, स्वतः हा अभ्यास करत होते. सरांना मी वाईट म्हणणार नाही. विद्वान आणि मनाने मऊ माणूस. परदेशात शिकून आले, तिथे राहता आलं असतं, पण परत आले. हिवाळाभर एकच स्वेटर घालत.

त्यांच्या अभ्यासाच्या मुळाशी एक जुना अहवाल होता. साहेबांच्या राज्यात कुण्या अधिकाऱ्याने मिठागरातल्या लोकांबद्दल लिहिलेला. त्यात एक वाक्य होतं: 'या लोकांना गाणी नाहीत.' तो अधिकारी त्यावरून म्हणाला होता, की ही माणसं मंदबुद्धीची. सरांना ते अजिबात मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की गाणी होती, पण साहेबांच्या पिळवणुकीने ती मारून टाकली. यावर त्यांनी मोठा निबंध लिहायला घेतला होता. गाणं हरवलेला समाज. त्यातला काही भाग वाचताना माझे डोळे भरून आले होते. पाच कॅसेटांवर पाच बायका सांगत होत्या, "नाही. आम्हाला गाणी येत नाहीत." आणखी पुरावा तो कोणता हवा?

एका दुपारी टंकबाई जिना चढून माझ्या टेबलाशी आल्या. हे कधीच घडत नसे.

"जरा खाली येता?"

खाली त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. मिठागरातली मुलाखत. वस्तीतल्या झोपडीत बसून सात नंबरच्या आजी बोलत होत्या. ज्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची नावं गुप्त ठेवायची म्हणून आम्ही त्यांना नंबर दिले होते. सात नंबरचा आवाज खरखरीत, सावकाश. सर विचारत होते, "तुमची काही गाणी?" आजी म्हणाल्या, "नाही."

"ऐकलं," मी म्हणाले.

"आजींचं नका ऐकू. त्यांच्या मागचं ऐका."

मागे काहीच नव्हतं. वारा होता. टंकबाईंनी टाच दाबली. पुन्हा. चौथ्या वेळी मला ऐकू आलं. दूर बाहेरून पुष्कळ बायका जात होत्या आणि काहीतरी म्हणत होत्या. शब्द कळत नव्हते. आवाज वर जाई, खाली येई, मध्येच सगळ्या एकदम थांबत आणि पुन्हा सुरू. मग कुणीतरी ओरडलं आणि हसण्याचा मोठा फुगा फुटला.

"काय ओरडली?"

"'चाल मोडली.'" बाईंनी वही उघडली. "पाच कॅसेटांत मिळून अकरा ठिकाणी आहे हे. आणि ही बघा, चार नंबरची बाई म्हणते, 'चालीशिवाय टोपली डोक्यावर राहत नाही.' सरांनी त्याच्यापुढे कंसात घातलंय, चालण्याची पद्धत. असेल. पण चाल म्हणजे नुसतं चालणं असतं का हो? गाण्याचीही चाल असतेच की."

मी वहीतल्या त्या नोंदींवरून बोट फिरवलं. 

"आपण गाणी विचारतोय," टंकबाई म्हणाल्या, "आणि त्या चालीबद्दल बोलतायत."

त्या दिवशीच आम्ही सरांकडे गेलो. सर हसले. वाईट हसले नाहीत, थकलेल्या माणसासारखे हसले. परिषद तीन आठवड्यांवर आली होती. "बाई, कामाला जाताना माणसं गुणगुणतात. त्याला गाणं म्हणत नाहीत. आणि त्या स्वतःच सांगतायत ना, नाहीत म्हणून? आपण त्यांच्यापेक्षा शहाणे?" शेवटचं वाक्य बिनतोड होतं. मी मान डोलावली. टंकबाई एवढंच म्हणाल्या, "मी दोन दिवस रजा घेते, सर."

रजा घेऊन त्या मिठागरावर निघाल्या. मीही निघाले. मनातून मला भीती होती, की बाईंचं खरं निघालं तर शोध त्यांच्या नावावर जाईल. बसथांब्यावर बघते तर सासूबाईही हजर. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हातात डबा. "मुलगी परीक्षेला गेलीय, हे ड्युटीवर," टंकबाई म्हणाल्या. "यांना एकटं कुठे ठेवू?" सासूबाईंनी माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "हीच का ती मध्ये मध्ये बोलणारी?" सगळ्या बसथांब्याने वळून बघितलं.

वस्तीत आमचं स्वागत बेताचंच झालं. सात नंबरच्या आजी झोपडीच्या दाराशी टोपलीचा काठ विणत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, पावलं मिठाने चिरलेली. मला वाटलं होतं की टंकबाई प्रश्न विचारतील. त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, चार महिने तुमचा आवाज माझ्या कानात आहे. म्हटलं, बघून तरी यावं."

आजींनी विणकाम थांबवलं नाही. "कसला आवाज?"

"तुम्ही सरांशी बोललात, ते कागदावर मी उतरवलं. वाचून दाखवू?"

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. नुसती उत्तरं वाचली नाहीत. उरलेल्याची वहीही काढली. कुठे आजींना खोकला आला, कुठे बाहेर बघून थांबल्या, नातवाला कुठे 'गप रे' म्हणाल्या, सगळं. आजींचे हात हळूहळू थांबले. आजवर त्या वस्तीत वह्या-पेन्सिली घेऊन किती जण आले आणि लिहून गेले, पण काय लिहिलं ते परत येऊन कुणी वाचून दाखवलं नव्हतं. एका ठिकाणी आजी म्हणाल्या, "तिथे मी 'बाप' नाही म्हणाले, 'ताप' म्हणाले." टंकबाईंनी लगेच खोडून दुरुस्त केलं आणि कान पकडला. आजी पहिल्यांदा हसल्या.

पण खरी गाठ सोडवली ती सासूबाईंनी. त्या बाहेर एका पालथ्या टोपलीवर बसून बांधाकडे बघत होत्या. तीसेक बायकांची रांग डोक्यावर टोपल्या घेऊन येत होती. सासूबाई उजव्या हाताने मांडीवर थापट्या मारत होत्या. दोन हळू, एक जोरात, मग क्षणभर थांबून परत.

"सूनबाई," त्या ओरडल्या, "पुढची बाई तिसरं पाऊल ठासून टाकते बघ. तिने टाकलं की मागच्या सगळ्या टाकतात. आणि वळणावर सगळ्या श्वास घेतात."

सात नंबरच्या आजी उठून बाहेर आल्या. सासूबाईंच्या हाताकडे बघत राहिल्या. "ही म्हातारी बहिरी आहे ना?"

"अगदी ठार," टंकबाई म्हणाल्या.

"अजबच. आजवर आलेल्या सगळ्यांत हिलाच ऐकू आलं म्हणायचं!" आजींनी सासूबाईंच्या शेजारी बैठक मारली आणि त्यांच्या मांडीवर स्वतःच्या हाताने थाप मारून ठेका दुरुस्त करून दिला. एक थाप सासूबाईंची चुकत होती.

मग त्यांनी सांगितलं. त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. मिठागरावरच्या बंगल्यात साहेबाकडे पाहुणे आले, की मुकादम वस्तीत येई. बायकांनी धुतलेले कपडे घालून व्हरांड्यासमोर रांगेत उभं राहायचं आणि गाणी म्हणायची. पाहुणे पीत बसत, हसत, कुणी एखादी नक्कल करून दाखवी. एकदा आजींच्या मावशीला असंच उभं केलं. तिचं तान्हं मूल जाऊन दोन दिवस झाले होते. तिने म्हटलं. म्हणता म्हणता खाली बसली. पाहुण्यांना वाटलं, हा गाण्याचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दुसऱ्या दिवशी बांधावर बायकांनी ठरवलं," आजी म्हणाल्या. "आपल्याला गाणी येत नाहीत. कुणी विचारलं तर मान हलवायची. गाणं हा शब्दच वस्तीतून काढून टाकला. आमची असते ती चाल. मुकादमाने पिण्याच्या पाण्याची गाडी दोन दिवस बंद ठेवली. कुणी तोंड उघडलं नाही. मग एक साहेब आला वही घेऊन. त्यालाही सगळ्यांनी तेच सांगितलं, येत नाहीत. त्याने लिहून घेतलं." आजींनी बांधाकडे बघितलं. "माझी आई त्या दिवशी फार खूष होती. म्हणाली, लागलं एकदाचं कागदाला. आता कुणी बोलवणार नाही."

माझ्या पिशवीत टेपरेकॉर्डर होता. खरं सांगायचं तर माझा हात तोवर बटणावर गेला होता. टंकबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हात बाहेर काढला.

"हे तुमच्या साहेबांना सांगू नका," आजी म्हणाल्या. "हे माझ्या एकटीचं नाही. सगळ्यांना विचारायला हवं."

"नाही सांगणार," टंकबाई म्हणाल्या आणि पेन्सिल वहीत घालून वही मिटली.

परतीच्या बसमध्ये मी त्यांच्याशी भांडले. एवढा मोठा शोध! ज्या वाक्यावर सर समाजाचं मरण मांडत होते, ते त्या बायकांनी जिंकलेल्या लढाईचं वाक्य होतं. आणि ते सांगायचं नाही? टंकबाई म्हणाल्या, "शोध कसला? त्यांना माहीतच होतं की."

सोमवारी सरांच्या निबंधाचा अंतिम खर्डा टाइप व्हायला आला. संध्याकाळी टंकबाई सव्वीस पानं घेऊन वर आल्या. तिसऱ्या पानावर एका ओळीएवढी जागा कोरी होती.

"'या लोकांना गाणी नाहीत' ही ओळ राहिली," सर म्हणाले.

"राहिली नाही, सर. मी ती टाइप करणार नाही. ती खोटी आहे."

"मग खरं काय आहे?"

"ते सांगायचं नाही असा शब्द दिलाय."

सर उभे राहिले. "बाई, संशोधन शब्दावर चालत नाही. पुराव्यावर चालतं."

"मग हे कशाच्या पुराव्यावर चाललंय? पाच पुस्तकांच्या तळटिपा मी या हातांनी टाइप केल्यात, सर. हा त्याचा आधार देतो, तो आणखी कुणाचा. आणि सगळ्या टिपा शेवटी त्याच अहवालाच्या त्याच पानावर जाऊन बसतात. एका माणसाने लिहिलं आणि बाकीच्यांनी त्याच्यावर रेघ गिरवली. तुम्ही जाऊन विचारा. फक्त 'गाणी' हा शब्द वापरू नका."

सरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही होता ना तिथे?" मी जमिनीकडे बघितलं. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

टंकबाईंना दुसऱ्या दिवशी लेखी समज मिळाली आणि त्यांची बदली आवक-जावक विभागात झाली. तिथे दिवसभर पाकिटांवर तिकिटं चिकटवायची. निबंध बाहेरून टाइप करून आला, ओळीसकट. बाईंनी कुणाकडे तक्रार केली नाही, पण त्यांना लागलं होतं. डबा खाताना म्हणाल्या, "कानाला सवय झालीय. रिकामे कान जड वाटतात." घरी त्यांना भीती होती ती नवऱ्याची. नोकरी धोक्यात घातली म्हणून तो चिडेल असं वाटलं होतं. तो माणूस फारसं बोलणारा नव्हे. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "चाकाचा नट ढिला दिसला तर आम्ही गाडी बाहेर सोडत नाही. वरून कुणाचाही फोन येवो. तू का सोडावीस?" आणि जेवायला बसला. सासूबाईंनी विचारलं, तो काय म्हणाला. टंकबाईंनी शब्दन्‌शब्द सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "एवढं बोलला? मग नक्की काळजीत आहे."

तिसऱ्या दिवशी मी सरांच्या दारात गेले. "सर, बाई म्हणतात ते खरं आहे. मी काही सांगू शकत नाही. पण तुम्ही एकदा एकटे जा. टेपरेकॉर्डर नेऊ नका. काही विचारू नका."

रविवारी सर गेले. सोमवारी आले तेव्हा नाक आणि कान उन्हाने सोलवटलेले होते. तिथे काय झालं, ते मला पुढे वस्तीतल्या बायकांनी हसत हसत सांगितलं. सर दुपारभर बांधाच्या टोकाशी बसून राहिले. मग त्यांनी एक टोपली डोक्यावर घेऊ का, असं विचारलं. बायकांनी अर्धीच भरून दिली. पंधराव्या पावलाला टोपली, मीठ आणि सर, तिघेही वाफ्यात. सात नंबरच्या आजींनी हात देऊन वर काढलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला चाल नाही." ओल्या कपड्यांनी सर तिथेच बसले. बऱ्याच वेळाने विचारलं, "मला सांगाल?" आजी म्हणाल्या, "आज नाही."

परिषदेत मी हजर होते. मोठा हॉल, देशोदेशीचे विद्वान. सरांनी कागद हातात घेतले आणि खाली ठेवले. "मी हा निबंध मागे घेतोय," ते म्हणाले. "माझ्या कचेरीतल्या टंकलेखिका बाईंनी यातली एक ओळ टाइप करायला नकार दिला." लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. सरांनी हसू संपू दिलं. "त्या ओळीवर माझं सगळं घर उभं होतं. आम्ही चुकीच्या शब्दाने विचारत होतो आणि मिळालेल्या 'नाही'वर पुस्तकं लिहीत होतो. बरोबर काय, ते मला अजून माहीत नाही. मी वाट बघतोय." एवढंच बोलून ते खाली उतरले. टाळ्या थोड्याच पडल्या. पण परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे आवक-जावक विभागात स्वतः गेले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या खोलीत चला."

वाट चौदा महिने बघावी लागली. बायकांच्या आपसात बैठका झाल्या, भांडणं झाली. दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. शेवटी सात नंबरच्या आजी आणि आणखी तिघी संस्थेत आल्या. ज्या कचेरीतून एकेकाळी त्यांच्या मिठाचे हुकूम सुटत, तिथल्या मोठ्या टेबलाभोवती बसल्या आणि अटी सांगितल्या. तीन चाली देऊ, बाकीच्या नाही. कॅसेट वस्तीत राहील, संस्थेत तिची नक्कल असेल आणि ती कुणाला ऐकवायची तर आधी आम्हाला विचारायचं. बंगल्याची गोष्ट छापायची, मावशीची गोष्ट कुठल्या नंबराने नव्हे तर 'आमची मावशी' म्हणून छापायची. आणि उतरवायचं काम या बाईंनीच करायचं.

नऊ मिनिटांची पहिली चाल उतरवायला टंकबाईंना सोळा दिवस लागले. कुणी बोलणी घातली नाहीत. जिथे पाऊल ठासून पडे, तिथे त्या ओळ मोडत. पान पुरं झालं की बसने जाऊन सगळ्या रांगेला वाचून दाखवत. दुरुस्त्या निघत, पुन्हा टाइप. कार्बनने त्यांची बोटं कायमची निळी झाली होती.

पुस्तक आलं, गाजलं. संपादक म्हणून टंकबाईंचं नाव आपल्या नावाशेजारी घालावं असं सरांचं म्हणणं होतं. नियामक मंडळाने मोडता घातला. पदवी नसलेल्या व्यक्तीचं नाव मुखपृष्ठावर कसं? सर भांडले, हरले. 'टंकलेखन साहाय्य' अशा बारीक अक्षरांत बाई आतल्या पानावर गेल्या. मी विचारलं, वाईट वाटलं का. "वाटलं तर. खोटं कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. नऊ वर्षांनी दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा मंडळ बदललं होतं आणि नाव मुखपृष्ठावर आलं. सासूबाई तोवर गेल्या होत्या. सात नंबरच्या आजीही.

निवृत्तीनंतर टंकबाई मिठागराच्या वस्तीतल्या शाळेत आठवड्यातून दोनदा जाऊ लागल्या. तिथल्या मुलींना ऐकून उतरवायला शिकवत. पुढे मिठागरं विकली गेली, वाफे बुजवून गोदामं उभी राहिली. बायका तिथेच खोकी उचलायला लागल्या. डोक्यावर खोकं घेऊन सपाट फरशीवर चाल म्हणता येते का, असं मी एकीला विचारलं. ती म्हणाली, "येते. पण सुपरवायझर म्हणतो, आवाज नको."

त्या मुलींपैकी एक, सात नंबरच्या आजींची पणती, शिकली. आज ती आमच्याच संस्थेत संशोधक आहे, माझ्या शेजारच्या खोलीत. गेल्या वर्षी तिने आमच्या पुस्तकावर लेख लिहिला आणि आमची अगदी सालटी काढली. तिचं म्हणणं असं, की दिलेल्या तिन्ही चाली सोज्वळ होत्या. मुकादमाची टर उडवणाऱ्या, नवऱ्यांच्या फजितीच्या, चावट अशा ज्या चाली बायका सर्वांत जास्त म्हणत, त्या म्हाताऱ्यांनी शहरातल्या लोकांसमोर शोभणार नाहीत म्हणून दाबून ठेवल्या. आणि आम्ही अभ्यासक त्या सभ्यतेलाच संस्कृती समजून बसलो.

मी जरा दुखावलेच. लेख घेऊन टंकबाईंकडे गेले. आता त्या अठ्ठ्याऐंशीच्या आहेत, दिसतं कमी, म्हणून मीच वाचून दाखवला. सगळा, तळटिपांसकट. ऐकता ऐकता त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"अहो, गावभर माहीत होतं. एक तर अशी होती, की ऐकताना मी खुर्चीवरून पडायची बाकी राहिले होते. त्यांनीच मला ऐकवली, कॅसेट बंद करून."

"मग एवढ्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत!"

"तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या." टंकबाई खुदकन हसल्या. "पण पोरगी बरोबर लिहिते हो. तिला म्हणावं, ये एकदा माझ्याकडे. तिच्या पणजीची एक चाल तिला ठाऊक आहे का ते बघायचंय."

ती पोरगी आता दर बुधवारी त्यांच्याकडे जाते. दार लावून घेतात. बाहेर फक्त हसण्याचा आवाज येतो.